मामांच्या रेकॉर्ड्स जगासमोर ठेवण्याआधी

प्रश्न: आमचे मामा गेल्या वर्षी गेले. सत्तरच्या दशकात ते मुंबईत होते, पुढे काही वर्षं लंडनला. त्यांच्या कपाटातून रेकॉर्ड्सचे दोन खोके निघाले. त्यात ‘सिमला बीट ७०’ आणि ‘सिमला बीट ७१’ या भारतीय बँडच्या स्पर्धेतून निघालेल्या दोन एलपी आहेत, ब्रिटिश पंक (खडबडीत, जोरकस रॉक) बँडच्या बऱ्याच छोट्या रेकॉर्ड्स, म्हणजे सिंगल्स, आहेत आणि एक पांढऱ्या कोऱ्या लेबलची आहे, तिच्यावर काहीच छापलेलं नाही. हे संगीत सहसा कुणाला मिळत नाही, म्हणून सगळं डिजिटल करून लोकांना मोफत द्यावं असं वाटतं. मित्र म्हणतो, खरखर काढून थेट यूट्यूबवर चढव. कायद्याचं काय? सुरुवात कुठून करू?

उत्तर:

सुरुवात वही-पेनानं करा, टर्नटेबल नंतर. खोक्यातल्या रेकॉर्ड्स ज्या क्रमानं लागल्या आहेत तो क्रमही आधी लिहून काढा. मामांनी कव्हरवर तारीख, दुकानाचं नाव, किंमत असं काही लिहिलं असेल, आत तिकिटाचा तुकडा किंवा कात्रण असेल, तर ते जिथे सापडलं तिथेच ठेवून फोटो घ्या. या रेकॉर्ड्सची एखादी प्रत जगात आणखी कुणाकडे तरी असेलच. पण ही प्रत कुठून कुठे आली, याची माहिती तुमच्या घराबाहेर कुणाकडे नाही. मामींना, मामांच्या जुन्या मित्रांना आत्ताच विचारून घ्या. हे काम पुढे ढकलण्यासारखं नाही.

मी एवढा आग्रह का धरतो, ते एका उदाहरणावरून सांगतो. १९९६ साली न्यूयॉर्कच्या पॅरलल वर्ल्ड नावाच्या छोट्या लेबलनं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीनं, ‘कंबोडियन रॉक्स’ ही सीडी काढली. एका अमेरिकी प्रवाशानं कंबोडियात विकत घेतलेल्या कॅसेट्सवरून निवडलेली २२ गाणी तिच्यात होती. फझ गिटार (मुद्दाम फाटका केलेला गिटारचा आवाज), ऑर्गन आणि त्यावर ख्मेर भाषेतले उंच, लवचीक आवाज. ऐकणारे वेडे झाले. पण सीडीवर एकाही गायकाचं नाव नव्हतं, गाण्याचंही नव्हतं. हे गायक म्हणजे सिन सिसामुत, रोस सेरेसोथिया, पेन रान, योल आउलारोंग. आपल्या देशात ते घराघरांत माहीत होते आणि १९७५ मध्ये ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट गटाची सत्ता आल्यानंतरच्या संहारात यातले बहुतेक जण नाहीसे झाले. माणसं गेली, त्यांच्या मूळ रेकॉर्ड्स नष्ट झाल्या, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा आवाज पोचला तो बेनाव. पुढे कंबोडियन लोकांनी आणि जगभरच्या हौशी श्रोत्यांनी एकेक गाणं ओळखून नावं जोडली. त्याला वर्षं लागली. सीडी काढणाऱ्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. त्याला गाणी आवडली होती, ती त्यानं वाटली. तुमच्या मनातही नेमकं हेच आहे, म्हणून हे सांगितलं.

आपल्याकडची जुनी मंडळी याबाबतीत शहाणी होती. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जाननं पहिल्या रेकॉर्ड्स दिल्या तेव्हा गाणं संपताना ती स्वतःचं नाव उच्चारायची. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हानोव्हरला. तिथल्या कामगारांना कोण गातंय हे कळावं एवढाच त्यामागचा उद्देश. पण त्यामुळे लेबल घासून गेलं तरी गायिकेचं नाव आवाजातच राहिलं. पंक बँड असलं काही करत नाहीत, उलट खोटी नावं लावतात. तेव्हा नाव टिकवण्याचं काम तुमचं. मुंबईत १९९० साली स्थापन झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आणि तिचं ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक यांनी नाट्यसंगीत आणि शास्त्रीय संगीताच्या तबकड्यांसाठी क्रमांकासकट याद्या छापल्या. त्याच शिस्तीनं तुमच्या खोक्याची यादी व्हायला हवी, मग त्यात बालगंधर्व असोत की कुणी तीन सूर येणारी लंडनची पोरं.

प्रत्येक रेकॉर्डसाठी लिहायचं ते असं: बँडचं आणि गाण्यांची नावं जशी छापली आहेत तशीच, चुकांसकट, लेबलचं नाव, क्रमांक, साल, छपाईचा देश, गीतकार-संगीतकार म्हणून कंसात बारीक अक्षरांत दिलेली आडनावं, आणि कोरलेला मजकूर. हा मजकूर शेवटच्या खाचेपासून लेबलपर्यंतच्या गुळगुळीत पट्ट्यावर असतो. तो समोरून दिसत नाही. खोलीत अंधार करून मोबाइलचा प्रकाश कडेनं, जवळजवळ आडवा टाका, म्हणजे अक्षरं उठून दिसतात. यंत्रानं ठोकलेलं काय आणि हातानं खरवडलेलं काय, तेही नोंदवा. ब्रिटिश रेकॉर्ड्सवर इथेच गमती सापडतात. जॉर्ज पेकम नावाचा नामांकित कटिंग इंजिनियर (मूळ तबकडीवर खाच कापणारा) आपल्या हातच्या तबकड्यांवर ‘अ पॉर्की प्राइम कट’ अशी सही कोरायचा. पंक बँड तर या पट्ट्यावर शिव्या, घोषणा, मित्रांना निरोप, काहीही कोरून घ्यायचे. मूळ प्रत आणि नंतरची नक्कल यांतला फरक बहुतेक वेळा इथेच पकडला जातो. कव्हरची नक्कल हुबेहूब करता येते; हातानं कोरलेलं अक्षर तसंच्या तसं आणणं अवघड.

पंक सिंगल्सच्या कव्हरकडे नीट बघा, कारण त्या काळात कव्हर हेच जाहीरनामा असायचं. बझकॉक्सनी जानेवारी १९७७ मध्ये उसने पैसे घेऊन ‘स्पायरल स्क्रॅच’ स्वतःच काढली आणि मोठ्या कंपनीशिवाय रेकॉर्ड निघू शकते हे बाकीच्यांना दिसलं. त्याच वर्षी डेस्परेट बायसिकल्सनी आपल्या पहिल्या सिंगलला सगळा मिळून १५३ पौंड खर्च आला, हे पुढच्या रेकॉर्डच्या कव्हरवर छापून टाकलं, म्हणजे वाचणाऱ्यानंही उठून तसंच करावं. १९७८ मध्ये स्क्रिटी पोलिटीनं स्टुडिओ, कटिंग, छपाई असा खर्चाचा तपशीलच कव्हरवर दिला. आतला साधा, झेरॉक्स केलेला, घडी घातलेला कागद तुम्हाला कचरा वाटेल, पण कित्येकदा त्या रेकॉर्डचा इतिहास तेवढ्याच कागदावर असतो. स्कॅन ६०० डीपीआयवर करा, पुढून-मागून, घडी उलगडून. एक काळजी घ्या: संपर्कासाठी बँडवाल्यांनी घरचे पत्ते छापलेले असतात. तिथे आज कुणी भलतंच राहत असेल. सार्वजनिक करताना तो भाग झाका.

आता सफाई. मुंबईच्या हवेत कपाटात राहिलेल्या रेकॉर्डवर बुरशी असणारच. मास्क लावा, कव्हर वेगळं करा. व्हिनाइलच्या रेकॉर्डसाठी डिस्टिल्ड पाणी, त्यात पाचव्या हिश्शाइतकं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांडी धुण्याच्या रंगहीन द्रवाचा एखादा थेंब पुरतो. मऊ ब्रशनं खाचांच्या दिशेनं गोल फिरवा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं धुवा. लेबलला पाणी लागू देऊ नका. पाणी गॅरेजमधलं चालेल, फक्त शेजारची बॅटरी ॲसिडची बाटली उचलू नका. आणि खोक्यात ७८ ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची) लाखेची तबकडी असेल तर तिला अल्कोहोल अजिबात नाही; लाख त्यात विरघळते. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८ वर छापली गेली, त्यामुळे मामांच्या खोक्यात अशी एखादी निघाली तर नवल नाही. जुनी, चिकट झालेली पीव्हीसीची कव्हरं फेकून द्या, त्यांनी व्हिनाइलवर ढगाळ डाग पडतात. रेकॉर्ड्स उभ्या ठेवा. एकावर एक रचू नका.

यंत्रसामग्रीवर मी फार बोलणार नाही, नेटवर त्याचं पीक आलेलं आहे. बरं टर्नटेबल, नवी सुई, फोनो प्रीॲम्प, साधा ऑडिओ इंटरफेस आणि फुकट मिळणारं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर. सूटकेससारखं दिसणारं स्वस्त टर्नटेबल नको, त्याची जड सुई दुर्मिळ रेकॉर्डवर टेकवणं हा गुन्हा आहे. गती तपासण्यासाठी स्ट्रोब तबकडी (तिच्यावरच्या रेषा थांबलेल्या दिसल्या की गती बरोबर) वापरत असाल तर जुन्या ट्यूबलाइटखाली बघा. पुष्कळ एलईडी दिव्यांखाली रेषा थांबलेल्या दिसतच नाहीत. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा. मिनिटाला साधारण ३५ एमबी जागा लागते, म्हणजे ४० मिनिटांच्या एलपीला १.४ जीबी. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. पंक सिंगल्स कापतानाच जोरात कापलेल्या असतात, त्यामुळे पातळी आधी सर्वांत दणदणीत भाग वाजवून ठरवा. मूळ फाइल फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारा फाइलप्रकार) ठेवा, हात न लावता. जे काही करायचं ते तिच्या प्रतीवर.

तुमच्या मित्राच्या ‘खरखर काढून टाक’ला माझा विरोध आहे. क्लिक काढणारं सॉफ्टवेअर अचानक उसळणारा टोकदार आवाज शोधतं आणि तो कापून जागा भरतं. स्नेअर ड्रमचा फटका, गिटारच्या तारेवर पडलेला पिकचा पहिला आघात, हेही त्याला तसेच टोकदार दिसतात. सिनेसंगीताच्या मऊ रेकॉर्डवर ते कदाचित खपून जाईल. पंकमध्ये तो फटका हाच संगीताचा अर्धा जीव असतो, आणि तो गेला की उरतं ते उशीखाली दाबून धरल्यासारखं काहीतरी. सायकेडेलिक (भासमय, चित्रविचित्र आवाजांच्या रॉकच्या) रेकॉर्डवर तर आणखी घोळ: टेपचा सुसकारा, फझची किरकिर, मुद्दाम ठेवलेला फीडबॅक यांतलं काय नको होतं आणि काय हवं होतं, हे सॉफ्टवेअरला कसं कळणार? मोठे ठोके हातानं, एकेक करून काढा. बाकी राहू द्या. रेकॉर्ड मोनो असेल तर डावा-उजवा चॅनल एकत्र करून मोनो करा; खाचेच्या उभ्या दिशेतला बराच गोंगाट त्यानंच जातो आणि संगीताला धक्का लागत नाही. ही एक युक्ती दहा फिल्टरांपेक्षा उपयोगी आहे.

कायदा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क, ते प्रसिद्ध झाल्यावर पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९७० साली निघालेली एलपी २०३० च्या ३१ डिसेंबरपर्यंत आणि १९७१ ची २०३१ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे. हे फक्त ध्वनिमुद्रणाचं. चाल आणि शब्द यांचा हक्क वेगळा, तो रचनाकाराच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. सिमला बीटमध्ये परदेशी गाण्यांच्या आवृत्त्याही आहेत, त्यामुळे तिथे तिसराच हक्कदार मध्ये येतो. ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रणाची मुदत ७० वर्षं, तेव्हा १९७७ ची सिंगल तिथे २०४७ संपेपर्यंत कुणाच्या तरी मालकीची आहे. स्वतःच्या ऐकण्यासाठी, अभ्यासासाठी प्रत करणं कलम ५२ मधल्या खासगी वापराच्या सवलतीत बसतं. ती जगाला डाउनलोड करायला देणं बसत नाही. ‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ ही निव्वळ अफवा आहे, असा आकडा कायद्यात कुठेही नाही. ‘मी पैसे घेत नाही’ यानंही सुटका होत नाही. जुन्या ७८ च्या तबकड्या जतन करून लोकांना मोफत ऐकवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हलाही २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांनी अमेरिकेच्या कोर्टात खेचलं होतं.

प्रत्यक्षात मात्र या विश्वात गेली पन्नास वर्षं कायद्याच्या कडेकडेनंच सगळं चाललंय, हेही लपवत नाही. १९७२ चं ‘नगेट्स’ हे साठच्या दशकातल्या गॅरेज (हौशी पोरांचा कच्चा रॉक) आणि सायकेडेलिक सिंगल्सचं संकलन लेनी के यानं इलेक्ट्रा कंपनीसाठी रीतसर परवाने घेऊन केलं. त्याच्यावरूनच नाव सुचलेली ‘पेबल्स’ मालिका १९७८ पासून निघाली, तिच्यात परवान्याची फिकीर नव्हती. १९८९ पासून निघालेल्या ‘किल्ड बाय डेथ’ या संकलनांनी विस्मरणात गेलेल्या पंक सिंगल्स पुन्हा ऐकवल्या. आज रेकॉर्ड विकणारे ‘केबीडी’ (त्याच नावाची इंग्रजी आद्याक्षरं) म्हणतात आणि घेणाऱ्याला आवाज कसा असेल ते कळतं. पण या मालिका चोरट्या होत्या. ज्यांची गाणी होती त्यांना पैसे नाहीत, पुष्कळदा पत्ताही नाही. मी स्वतः यांतूनच ऐकायला शिकलो, त्यामुळे सोवळं नेसून बोलत नाही. मला त्यांचं ऋण आहे आणि त्यांचा रागही येतो.

याच्या उलट काय होऊ शकतं ते डेट्रॉइटच्या ‘डेथ’ या बँडचं बघा. हॅकनी आडनावाचे तीन कृष्णवर्णीय भाऊ, १९७५ मध्ये पंक हा शब्द रुळण्याआधी तसलंच संगीत वाजवत होते. बँडचं नाव बदला म्हणणाऱ्या कंपनीला त्यांनी नकार दिला. १९७६ मध्ये स्वतःच एक सिंगल काढली, ५०० प्रती. कुणी विचारलं नाही. अनेक वर्षांनी ती सिंगल संग्राहकांच्या हाती लागली, गाणी नेटवर फिरली, पार्ट्यांमध्ये वाजू लागली आणि त्यातल्या एका भावाच्या मुलाला तिथे आपल्याच वडिलांचा आवाज ओळखू आला. २००९ मध्ये ड्रॅग सिटी या लेबलनं जुन्या टेप्सवरून रीतसर एलपी काढली, भाऊ पुन्हा मंचावर आले. फक्त डेव्हिड हा भाऊ, ज्याच्या डोक्यातून हे सगळं निघालं, तो २००० सालीच गेला होता. वाटावाटी झाली नसती तर हे घडलं नसतं. आणि सिंगलवर खरी नावं छापलेली नसती तर बँडपर्यंत कुणी पोचलं नसतं.

मुंबईच्या ॲटॉमिक फॉरेस्टच्या बाबतीतही रीतसर काम झालं. ‘ऑब्सेशन ७७’ ही त्यांची एलपी कित्येक वर्षं फक्त संग्राहकांच्या कुजबुजीत होती. २०११ मध्ये नाउ-अगेन या अमेरिकी लेबलनं माहितीपूर्ण पुस्तिकेसह ती पुन्हा काढली. झांबियाच्या विच बँडचा गायक जगारी चांदा रत्नांच्या खाणीत नशीब आजमावत होता. याच लेबलनं त्याच्या जुन्या एलपी पुन्हा काढल्या आणि नंतर तो युरोप-अमेरिकेत दौरे करू लागला.

म्हणून माझा सल्ला असा. सिमला बीटच्या दोन्ही एलपींचा पूर्ण आवाज तुम्ही चढवू नका. त्या परदेशात पुन्हा छापल्या गेल्या आहेत, नेटवर त्या ऐकायला मिळतात, तुम्ही नवं काही देणार नाही. द्यायचंच असेल तर कव्हर, लेबल, कोरलेले क्रमांक आणि मामांच्या आठवणी द्या. एका सिगारेटच्या ब्रँडसाठी तंबाखू कंपनीनं भरवलेल्या स्पर्धेतून मद्रासच्या कन्फ्यूजन्स, शिलाँगच्या फेन्टोन्स अशा पोरांचे आवाज तबकडीवर उतरले. त्या स्पर्धेला मामा हजर होते का? होते तर कुठल्या शहरात, तिकीट किती होतं, आवाज कसा लागला होता? अशा गोष्टी कलकत्त्याच्या ‘ज्युनियर स्टेट्समन’ साप्ताहिकाच्या जुन्या अंकांत थोड्याफार सापडतात, पण मुंबईकर प्रेक्षकाच्या तोंडून फार कमी. मामांच्या मित्रांपैकी कुणी त्या काळात वाजवत असेल, तर मोबाइलवर त्यांची मुलाखत रेकॉर्ड करा, मराठीतच, गप्पा मारल्यासारखी. माझ्या मते तुमच्या दोन खोक्यांतून निघणारा सर्वांत दुर्मिळ आवाज तो असेल.

ब्रिटिश सिंगल्सची आधी डिस्कॉग्जवर नोंद शोधा. २००० साली सुरू झालेलं रेकॉर्ड्सच्या माहितीचं हे ऑनलाइन भांडार वापरणाऱ्यांनीच भरलंय. तुमच्या प्रतीतला कागद किंवा कोरलेला मजकूर तिथे नसेल तर भर घाला. जी रेकॉर्ड रीतसर विकत मिळते तिचा दुवा द्या, फाइल देऊ नका. जी कुठेच मिळत नाही तिच्या बँडला शोधा. गीतकारांची आडनावं, स्टुडिओचं नाव, लेबल चालवणारा माणूस, या क्रमानं. माझ्या अनुभवात माणसं बहुधा सापडतात आणि पुष्कळदा आनंदानं ‘टाका’ म्हणतात. काहींकडे तर त्यांच्याच रेकॉर्डची प्रत नसते, त्यांना फाइल आणि स्कॅन पाठवा. क्वचित कुणी नको म्हणतं. आता शाळेत शिकवतो, नातवंडं आहेत, वयाच्या अठराव्या वर्षी काय बरळलो ते पुन्हा नको. तेव्हा नको. परवानगी मिळाली तर ती लेखी ठेवा, ईमेल पुरे. आणि यूट्यूबवर दुसऱ्या कुणी हक्क सांगितला तर घाबरू नका, पण तो खरा हक्कदार आहे असंही गृहीत धरू नका. चोरट्या प्रती काढणारेही हक्क सांगतात.

राहिली ती पांढऱ्या लेबलची. ती चाचणीसाठी काढलेली पहिली प्रत असेल, रेडिओवाल्यांना पाठवलेली असेल किंवा लेबल छापायलाच पैसे नसलेल्या कुणाची असेल. तिथे कोरलेला क्रमांक हाच एकमेव धागा. तो एलवायएन या अक्षरांनी सुरू होत असेल तर ती लिनटोन या कारखान्यात निघाली. छोट्या लेबलांचं, पातळ प्लॅस्टिकच्या फ्लेक्सी रेकॉर्ड्सचं बरंच काम तिथे व्हायचं. लेबलच्या आजूबाजूला जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी यांतलं एखादं सुटं अक्षर असेल तर ती ईएमआयच्या कारखान्याची असू शकते. ‘ग्रामोफोन लिमिटेड’ या इंग्रजी शब्दांवरून घेतलेली ही दहा अक्षरं त्यांच्याकडे १ ते ९ आणि ० असे आकडे म्हणून वापरत, आणि त्यावरून स्टँपर (तबकडी छापायचा साचा) कितवा ते कळतं. डेड वॅक्सचे, म्हणजे लेबलजवळच्या त्या गुळगुळीत पट्ट्याचे, दोन्ही बाजूंचे, कडेनं प्रकाश टाकून काढलेले फोटो पाठवा. तोपर्यंत ती वाजवू नका, नव्या सुईशिवाय तर मुळीच नाही.